चौथ्यात काहून गेला?

"सर, तिसऱ्या कवचात अठरा मावतात ना? मग पोटॅशियमचा एकोणिसावा चौथ्यात काहून गेला?"

देऊळघाटच्या शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच वर्षी दहावीतल्या एका मुलाने मला हे विचारले. फळ्यावर मी नुकतेच एकाखाली एक लिहिले होते : लिथियम २, १. सोडियम २, ८, १. पोटॅशियम २, ८, ८, १. आणि आदल्याच दिवशी मी सांगितले होते की पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा इलेक्ट्रॉन राहू शकतात. मुलाने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्याला मधली फट दिसली. मला दिसली नव्हती. बी.एस्सी.ला कक्षक भरण्याचा तिरप्या बाणांचा तक्ता मी पाठ केला होता, परीक्षेत काढलाही होता. पण तो तक्ता आणि वर्गाच्या भिंतीवरची आवर्तसारणी यांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नव्हती. मी म्हणालो, "सर्वांत बाहेरच्या कवचात आठच्या वर जात नाहीत. नियम आहे. लिहून घे." त्याने मान खाली घालून लिहून घेतले. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही.

दहावी झाली आणि तो शाळेतून गेला. त्याला द्यायचे उत्तर मला सापडले तेव्हा मधे सहा वर्षे उलटली होती. ती सल अजून आहे. आणि २०२५च्या फेब्रुवारीत त्याच फळ्यापुढे एका मुलीने असे काही विचारले की ती सल पुन्हा वर आली.

आमच्या जिल्ह्यात नवा माणूस भेटला की आधी विचारतात, घाटावरचे का घाटाखालचे? अजिंठ्याचा डोंगर जिल्ह्याचे दोन भाग करतो. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर. देऊळघाट वरचे. पैनगंगा आमच्याच बाजूच्या डोंगरात उगम पावते. वर्गात एकाच बाकावर एकीची मावशी असते, शेजारणीची खाला असते, आणि दोघींच्याही सोयरिकी घाटाखाली असतात. माती बदलते, पाणी बदलते, बोलीही थोडी बदलते. पण नाती घाट चढून-उतरून चालू राहतात.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात दुसराच धडा मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा. तो शिकवायची एक ठरलेली रीत आहे आणि मीही सुरुवातीची वर्षे तीच धरली. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, १८६९चा मेंडेलीव्ह, १९१३चा मोसली. मुले सने पाठ करतात, गणांची नावे पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. या धड्यात मला स्वतःला जी गोष्ट सगळ्यात थोर वाटते ती घाईत निसटून जायची : मेंडेलीव्हला इलेक्ट्रॉन ठाऊकच नव्हता. थॉमसनने तो शोधला १८९७ मध्ये. मेंडेलीव्हपुढे त्रेसष्ट मूलद्रव्ये होती, त्यांची अणुवस्तुमाने होती आणि त्यांच्या वागण्याच्या नोंदी होत्या. कोण ऑक्सिजनशी किती प्रमाणात जुळते, कोण हायड्रोजनशी. एवढ्यावर त्याने घराणी लावली. जागा रिकाम्या दिसल्या तिथे रिकाम्याच ठेवल्या. ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या घराला त्याने 'एका-ॲल्युमिनियम' म्हटले. ते 'एका' म्हणजे आपला संस्कृतातला एक. १८७५ मध्ये गॅलियम सापडले आणि त्या घरात जाऊन बसले. गावातला जुना माणूस पोराची चाल पाहून सांगतो, हा अमक्याचा नातू. रक्त तपासावे लागत नाही. तसे हे. रक्ताची गोष्ट पुढे पन्नास वर्षांनी कळली : उभ्या रांगेतल्या सगळ्यांच्या सर्वांत बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन सारखेच असतात.

हे वाक्य मी वर्षानुवर्षे शिकवले. ते खरे वाटायला लागले ते लोणारला गेल्यावर.

सहल होती. जायच्या आदल्या दिवशी मुलांनी घरून हळद आणली होती. ती पाण्यात कालवून वहीच्या कोऱ्या कागदांना फासली, कागद खिडकीत वाळवले आणि बोटभर पट्ट्या कापल्या. लोणारचे विवर उल्केच्या आघाताने झालेले, काळ्या बसाल्टात, तोंडाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंद. आम्ही झाडीतून खाली उतरलो. काठाशी एक उग्र वास येतो, तो मुलांना आधी जाणवला. एका मुलीने वाकून पिवळी पट्टी पाण्याला टेकवली आणि ती बघता बघता कुंकवासारखी लाल झाली. सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या बुडवल्या. ते पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो, आणि त्यामागे आहे मुख्यतः सोडियम : सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ. पूर्वी इथून खार निघायचा. लोक त्याच्या जाती नावांनी ओळखत : दल्ला, नमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो अशी नोंद आईन-ए-अकबरीत आहे. पाच नावे दिली त्या माणसांना सोडियम हा शब्द माहीत नव्हता, पण कोणता खार कशाला चालतो हे पक्के माहीत होते.

परतीच्या गाडीत एक मुलगा म्हणाला, "सर, आई पापडात घालते तो खारही असाच करतो. हात लाल होतात हळदीचे." दुसऱ्या दिवशी तो पापडखाराची पुडी घेऊन आला. त्याचे म्हणणे बरोबर होते.

मग आम्ही ज्योतीची परीक्षा केली. नायक्रोमची तार शाळेत नव्हती. जुन्या विजेच्या शेगडीच्या कॉइलमधली सरळ केली, ती नायक्रोमच असते. हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, तापवून साफ करायची, मग पदार्थाला टेकवून स्पिरिटच्या दिव्यात धरायची. मीठ : पिवळी ज्योत. खाण्याचा सोडा : तीच पिवळी. पापडखार : तीच. तीन डब्यांतल्या तीन वेगळ्या वस्तू, चव वेगळी, काम वेगळे, आणि ज्योतीत एकच रंग. मुले काही वेळ गप्प झाली. मग कोणीतरी घरून कपाशीला टाकायचे लाल पोटॅश आणले. त्याचीही ज्योत पिवळीच दिसली, कारण कणभर मीठ सगळीकडे असते. निळ्या काचेतून पाहिली तेव्हा फिकट जांभळी झाक दिसली. चुना आम्लात विरघळवून धरला तर विटकरी.

इथे एका मुलीने रास्त हरकत घेतली : सोडियम पिवळे आणि पोटॅशियम जांभळे, तर ते एका गणात कसे? रंग ठरतो तो बाहेरच्या इलेक्ट्रॉनला एक पायरी वर चढून खाली येताना किती ऊर्जा सोडावी लागते त्यावर. ती पायरी प्रत्येकाची वेगळी. घराणे ठरते ते बाहेर किती आहेत यावर. भावंडांचे आवाज वेगळे असतात, तसे.

बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन किती सैल असतो, ते मला माझ्या मनगटाने शिकवले. रॉकेलच्या बाटलीत सोडियमचा एक तुकडा होता. ब्लेडने कापला की आत चांदीसारखी झळाळी दिसते आणि मिनिटभरात मळकटते. पाण्यात टाकायचा तो मसुरीच्या डाळीपेक्षा मोठा नको. त्या दिवशी मुले मागे उभी राहिली होती, सगळ्यांना दिसावे म्हणून मी हरभऱ्याएवढा कापला. तो पाण्यावर वितळून गोळी झाला, भिरभिरला आणि कडाडला. चंचुपात्राला तडा गेला, शिंतोडे माझ्या उजव्या हातावर उडाले. मुलांना मी आधीच दूर उभे केले होते, म्हणून त्यांना काही झाले नाही. चूक माझी होती. तो डाग आजही आहे.

अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते याचे आकडे मी तेव्हापासून फळ्यावर लिहितो. निऑनला मोलमागे २०८१ किलोज्यूल. लगेच पुढच्या घरातल्या सोडियमला ४९६. केंद्रकात एक प्रोटॉन वाढला, ओढ वाढायला हवी होती. पण नवा इलेक्ट्रॉन पुढच्या कवचात बसला आणि पकड एकदम चौथाईवर आली. लिथियमला ५२०, सोडियमला ४९६, पोटॅशियमला ४१९. खाली जावे तसा हात आणखी सैल. पोटॅशियम म्हणूनच सोडियमपेक्षा तापट. आणि इथे तो मुलगा पुन्हा आठवला. पोटॅशियमचा एकोणिसावा तिसऱ्या कवचातच राहिला असता तर? २, ८, ९. मग पोटॅशियम सोडियमखाली उभेच राहिले नसते. सगळी सारणी त्या एका इलेक्ट्रॉनाच्या निर्णयावर टेकली होती आणि मी त्याला म्हणालो होतो, नियम आहे.

सुट्टीत बुलढाण्याला एका जुन्या सहकाऱ्याकडून जाडजूड पुस्तक आणले. वाचत गेलो. शब्द कळत होते, चित्र डोळ्यांपुढे येत नव्हते. ते आले एका डिसेंबरच्या सकाळी. परिपाठाआधी मुलांनी मैदानाच्या कडेला शेकोटी पेटवली होती. पहिली दोघे-तिघे अगदी जवळ, त्यांच्यामागे दाट कडे, त्यांच्यामागे आणखी. मागच्यांना ऊब लागत नव्हती, पुढच्यांच्या पाठी आड येत होत्या. पण पाचवीतले एक बारके पोर, जागा त्याची सगळ्यात बाहेर, मधूनमधून मोठ्यांच्या पायांतून शिरायचे, हात शेकायचे आणि परत मागे जायचे.

केंद्रक ही शेकोटी. तिसऱ्या कवचातले डी कक्षक म्हणजे कड्याबाहेर उभी राहणारी मुले; जागा गणतीने तिसरी, पण त्यांच्या कक्षकाचा आकारच असा की ती आत फारशी शिरत नाहीत, त्यामुळे आतले अठरा इलेक्ट्रॉन त्यांची ऊब अडवतात. चौथ्या कवचातला एस कक्षक म्हणजे ते बारके पोर. बराचसा बाहेर, पण त्याचा थोडा वावर थेट केंद्रकाशी. म्हणून पोटॅशियमच्या एकोणिसाव्याला तिसऱ्यातल्या डी पेक्षा चौथ्यातला एस परवडतो. तिथे ऊर्जा कमी पडते. इलेक्ट्रॉन काही पोर नव्हे, तो ठरलेल्या वाटेने धावतही नाही. वावर म्हणजे तिथे सापडण्याची शक्यता, हे मी मुलांना लगेच सांगतो. पण चित्र कामाचे आहे.

आणि त्या मुलाने मोजलेल्या दहा मोकळ्या जागा? पोटॅशियम आणि कॅल्शियम चौथ्यात बसले की मग स्कँडियमपासून त्या भरू लागतात. बरोबर दहा मूलद्रव्ये, जस्तापर्यंत. त्यांत लोखंड आहे, तांबे आहे, निकेल आहे. सारणीच्या मधोमध जो रुंद पट्टा दिसतो तो म्हणजे त्याच दहा जागा. पहिल्या आवर्तात दोन घरे, पुढे आठ, आठ, मग अठरा. या आकड्यांचे मूळ तिथे आहे. मुलाने बोट ठेवले होते ते बरोबर त्या जागी.

नील्स बोरने हीच गणती करून १९२२च्या सुमारास सांगितले होते की बहात्तरावे मूलद्रव्य दुर्मिळ मृदा धातूंच्या ओळीत शोधू नका, तिथल्या चौदा जागा एकाहत्तराव्यालाच संपल्या. ते झिर्कोनियमखाली बसणार, झिर्कोनियमच्या खनिजात शोधा. कोपनहेगनमध्ये कॉस्टर आणि हेवेशी यांनी तिथेच शोधले आणि १९२३ मध्ये हाफ्नियम सापडले. बाहेर किती, एवढ्यावरून सोबत कोणाची ते कळते. सोबत कळली की पत्ता कळतो.

तर, २०२५चा जानेवारी. घाटाखाली शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस गळायला लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे सगळ्या देशाने ऐकली. डोके खाजायचे, मग केस हातात यायचे, तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पुरुष, पोरे. डिसेंबर ते जानेवारीत अठरा गावांत २७९ जणांना हे झाले. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर, शाम्पूवरही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. आमच्या वर्गातल्या एका मुलीची खाला त्या बाजूला दिलेली. खाला लग्नाला येणार होती, आली नाही. मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली, रडत नव्हती, पण ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. "सर, खालाने डोक्यावरची ओढणी घरातही काढली नाही. आपल्याकडंबी येईल का?"

मला काहीच माहीत नव्हते. तसे तिला सांगितले.

फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. विंचूदंशावरच्या कामामुळे त्यांचे नाव घराघरांत आहे. ते या गावांत स्वतः गेले होते. त्यांचे म्हणणे असे : लोकांच्या खाण्यात बाहेरच्या राज्यातून आलेला गहू होता, त्यात इथल्या गव्हाच्या सहाशे पट सेलेनियम आढळले; लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम फार वाढलेले, आणि जस्त उतरलेले.

सेलेनियम. पेपर हातात घेऊन मी वर्गातल्या तक्त्यापुढे जाऊन उभा राहिलो. अणुअंक चौतीस. गण सोळा. आणि त्याच्या डोक्यावर कोण? गंधक.

पुढचा तास मी धड्याबाहेर घेतला. मुलांना विचारले, केस जळाल्याचा वास कसा येतो? सगळ्यांना ठाऊक होता. त्या वासात गंधकाचा वाटा आहे. केस म्हणजे केरॅटिन नावाचे प्रथिन, आणि त्याचे धागे एकमेकांना धरून ठेवतात ते गंधक-गंधकाचे टाके. म्हणून केस ओढला तरी पटकन तुटत नाही. आता गंधकाची मांडणी लिहा. त्या मुलीला फळ्यावर बोलावले. तिने लिहिले : २, ८, ६. त्याखाली सेलेनियमची मी सांगितली : २, ८, १८, ६.

बाहेर दोघांच्याही सहा. आठ व्हायला दोघांनाही दोन हवेत. गंधक ऑक्सिजनशी जुळून सल्फेट करते, सेलेनियम त्याच घाटाचे सेलेनेट करते. गव्हाचे मूळ मातीतून सल्फेट ओढते त्याच दाराने सेलेनेटही आत घेते. दारात ओळख विचारतात ती बाहेरच्या रूपाची. पुढे रोप गंधकाचे जे अमिनो आम्ल करते, मेथिओनिन, त्याच साच्यात सेलेनियम बसवते. दाण्यात ते जाते, पिठात जाते, भाकरीत, पोळीत जाते. पोटातही तीच ओळख. शरीर ते मेथिओनिन म्हणून घेते आणि जिथे गंधक लावायचे तिथे लावते.

पण मधे एक अख्खे कवच जास्त आहे. सेलेनियमचा अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, टाका सैल. अमेरिकेतल्या साउथ डकोटात १९३०च्या दशकात घोड्यांच्या आयाळी आणि शेपट्या झडल्या, खूर निखळले. तिथल्या मातीत आणि चाऱ्यात सेलेनियम निघाले. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत कारण देतात ते हेच : केरॅटिनमध्ये गंधकाच्या जागी सेलेनियम शिरते आणि वीण उसवते. बाहेरून भाऊच, हाताची पकड मात्र वेगळी.

बर्झेलियसलाही हे मूलद्रव्य १८१७ मध्ये सापडले ते गंधकाच्याच मागे दडलेले. स्वीडनमध्ये गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या तांबूस गाळात. आधी त्याला ते टेल्युरियम वाटले, म्हणजे त्याच उभ्या रांगेतले त्याखालचे. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून, म्हणून याला त्याने चंद्राचे ग्रीक नाव दिले. पहिल्या दिवसापासून हे घराण्यात मिसळून राहते आणि ओळखू येत नाही.

मी मुलांना हेही सांगितले की सेलेनियम विष नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम लागतेच; शरीर त्यासाठी खास अमिनो आम्ल बनवते, तिथे गंधक चालत नाही. चीनमध्ये ते फार कमी पडले त्या भागात हृदयाचा आजार झाला. ४०० मायक्रोग्रॅमच्या वर रोज गेले की उलटते. एवढी बारीक वाट. आणि ही एकाच गणाची गोष्ट नाही. चेर्नोबिलमध्ये १९८६ साली अणुभट्टी फुटली तेव्हा किरणोत्सारी सीझियम स्नायूंत गेले, कारण शरीराला ते पोटॅशियम वाटले. स्ट्रॉन्शियम हाडांत जाते, कारण ते कॅल्शियमखाली बसते. आर्सेनिक फॉस्फरसच्या जागी घुसते. तक्त्याची उभी रांग म्हणजे कोण कोणाच्या घरात न विचारता शिरू शकते त्याची यादी, असे मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो. त्याआधी मलाही ते असे दिसले नव्हते.

ती मुलगी खडू हातात घेऊन फळ्यापाशीच उभी होती. तिने १८ या आकड्याखाली रेघ ओढली. "सर, याच्या तिसऱ्यात अठरा भरले. मग पोटॅशियमच्या तिसऱ्यात आठच काहून?"

मी सगळ्यांना बाहेर मैदानात नेले. फेब्रुवारीचे ऊन होते, शेकोटीचा प्रश्न नव्हता. एकाला मधोमध उभे केले, बाकीच्यांची कडी केली, बारक्याला सांगितले की तू मधूनमधून आत शीर. तो शिरायचा तेव्हा सगळे ओरडायचे, "चौथा! चौथा!" मी त्यांना थांबवले नाही. मनात मी दुसऱ्याच एका मुलाला सांगत होतो, त्या वर्षीच्या, शेवटून दुसऱ्या बाकावरच्या.

काही आठवड्यांत घाटाखालच्या गावांतल्या पुष्कळ लोकांचे केस परत उगवू लागले. खालाचेही. ईदला मुलगी तिकडे जाऊन आली तेव्हा दोन गोष्टी घेऊन आली. एक होती तिच्या खालूंची, म्हणजे खालाच्या नवऱ्याची, शंका. त्यांचे रान खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातली ती काळी, सोडियमने भरलेली. पाऊस पडला की चिकटून मिटते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. त्यात ते जिप्समची पोती टाकतात. "खालू विचारत होते, जिप्सम माती मोकळी कशी करते?"

याचे उत्तर त्याच फळ्यावर होते. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. सोडियम एक इलेक्ट्रॉन सोडते, त्याच्यावर धन प्रभार एकच. त्याने दोन कण नीट बांधले जात नाहीत, ते सुटे होऊन भेगा बुजवतात. जिप्सममधले कॅल्शियम २, ८, ८, २. दोन सोडते, दोन्ही हातांनी कणांना ओढून घेते, मातीची रवाळ ढेकळे होतात आणि सुटलेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहून जाते. पहिल्या गणाच्या जागी दुसरा गण आणायचा, एवढेच काम. मग मी तिला जिप्समचा दुसरा भाग वाचायला सांगितला. ती म्हणाली, "सल्फेट." आणि थांबली. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडे सेलेनियमच्या जमिनी आहेत. तिथे जिप्सम टाकून पाहिले, तेव्हा गव्हातले सेलेनियम कमी झाले. दारात सल्फेटची गर्दी केली की सेलेनेटला वाट कमी मिळते. पोते तेच. त्याचा एक भाग खालूंच्या रानाला, दुसरा भाग त्या गव्हाच्या रानाला.

तिने आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे दोन पुड्या. एकीत देऊळघाटचा त्यांच्या शेतातला गहू, दुसरीत खालाच्या घरी डब्याच्या तळाशी उरलेला. "याच्यात दिसंल का सर?" आम्ही दोन्ही पांढऱ्या कागदावर ओतले. भिंगातून पाहिले. पोट, चीर, टोकाची लव, सगळे सारखे. काही दाणे मिसळले असते तर परत वेगळे करता आले नसते. सेलेनियम मोजायचे साधन शाळेत नाही, ज्योतीत ते दिसत नाही, हे तिला सांगितले. तिने दाणे न सांडता पुड्यांत भरले, दोऱ्याने बांधले आणि ठेवायला माझ्याकडे दिले. प्रयोगशाळेच्या कपाटात त्या सोडियमच्या बाटलीशेजारी आहेत. एकीवर तिच्या अक्षरात लिहिले आहे 'आमचा', दुसरीवर 'खालाचा'.